लाकडी घराच्या इन्सुलेशन भरलेल्या भिंतीतून नेटवर्क केबल कशी ओढावी

अमेरिकेत किंवा कॅनडात पहिलं घर घेतलं की थोड्याच दिवसांत हा प्रश्न उभा राहतो. राउटर बेसमेंटमध्ये, काम करायची खोली वरच्या मजल्यावर, आणि मीटिंगच्या ऐन मध्यात वाय-फाय मान टाकतं. केबल ओढली तर प्रश्न कायमचा सुटतो. पण आपल्याला सवय असते ती विटांच्या भिंतींची. पुण्यात किंवा ठाण्यात भिंतीत झिरी मारायची, पीव्हीसी पाइप बसवायचा, वरून प्लास्टर करायचं, झालं. इथली भिंत लाकडी सांगाड्याची असते. वरवर पोकळ वाटते, पण बाहेरच्या बाजूची असेल तर आत इन्सुलेशन गच्च भरलेलं असतं.

केबल त्यातून पार जाते, त्याला फार मोठी कारागिरी लागत नाही. पण केबल आत गेली म्हणजे काम झालं असं समजू नका. ती भिंत तीन गोष्टी अडवून धरते: थंडी, घरातली दमट हवा आणि आग लागलीच तर ज्वाळा. तुम्ही पाडलेलं प्रत्येक भोक या तिन्हींना वाट करून देतं. म्हणून कमीत कमी भोकं पडतील असा मार्ग निवडणं आणि पडलेली भोकं नीट बंद करणं, यालाच मी या कामात सगळ्यात जास्त महत्त्व देतो. ओढण्याची युक्ती त्यानंतर.

हा लेख नेटवर्कच्या, म्हणजे कमी व्होल्टेजच्या केबलबद्दल आहे. १२० किंवा २४० व्होल्टच्या वायरिंगबद्दल पुढे थोडं लिहिलं आहे, पण ते काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनवर सोपवा.

भिंतीच्या आत काय असतं

खोलीकडून सुरुवात केली तर आधी ड्रायवॉल, म्हणजे जिप्समची सपाट पाटी, साधारण अर्धा इंच जाडीची. तिच्या मागे उभे लाकडी स्टड. नावाला ते दोन बाय चार असले तरी प्रत्यक्ष माप दीड इंच बाय साडेतीन इंच. दोन बाय सहाचे असतील तर दीड बाय साडेपाच. एका स्टडच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत बहुधा १६ इंच, काही घरांत २४ इंच. दोन स्टडमधल्या जागेला आपण गाळा म्हणू. गाळ्याच्या तळाशी एक आडवं लाकूड असतं, ती बॉटम प्लेट. वर बहुधा एकावर एक अशी दोन आडवी लाकडं, म्हणजे एकूण तीन इंच जाडीची टॉप प्लेट. काही गाळ्यांत मधेच आणखी एक आडवा ठोकळा असतो. तो आग वर चढू नये म्हणून बसवलेला फायर ब्लॉक.

बाहेरच्या भिंतीच्या गाळ्यात बहुतेक वेळा फायबरग्लासच्या गुलाबी किंवा पिवळ्या पट्ट्या असतात, त्यांना बॅट म्हणतात. साडेतीन इंची गाळ्यात आर-१३ किंवा आर-१५, साडेपाच इंचीत आर-१९ किंवा आर-२१ (आर म्हणजे उष्णता अडवण्याची क्षमता, आकडा मोठा तितकी जास्त). थंड प्रदेशात बॅटच्या खोलीकडच्या अंगाला तपकिरी क्राफ्ट कागद चिकटवलेला असतो. मिनेसोटासारख्या कडाक्याच्या थंडीच्या भागात किंवा कॅनडात त्याऐवजी ड्रायवॉलच्या मागे पॉलिथिनची अखंड चादर असते. हा कागद किंवा चादर घरातली वाफ भिंतीत शिरू देत नाही. आपल्या स्वयंपाकघरात दिवसभर कुकर, भात, उकळता चहा चालू असतो. ती वाफ जानेवारीत भिंतीच्या आत गेली की बाहेरच्या थंडगार लाकडी पत्र्यावर तिचं पाणी होतं, आणि मग बुरशी धरते. हा थर जपून हाताळायचा तो यासाठी.

फायबरग्लासची जादू त्यात अडकलेल्या हवेत आहे. बॅट दाबली की हवा निघून जाते आणि तिचा गुण कमी होतो. पण फायबरग्लास नुसती वाहती हवा अडवू शकत नाही, तिच्यातली धूळ मात्र गाळून घेतो. म्हणूनच अ‍ॅटिकमध्ये (छत आणि वरच्या मजल्याचं सीलिंग यांच्यामधल्या जागेत) गेलात आणि टॉप प्लेटवरच्या एखाद्या भोकाजवळ इन्सुलेशन काळपट, मळकट झालेलं दिसलं, तर समजा की तिथून वर्षानुवर्षं घरातली हवा वर निसटते आहे. कोणीतरी वायर टाकली आणि भोक तसंच सोडलं.

मार्ग आधी कागदावर

नवशिक्यांना माझा पहिला सल्ला: बाहेरच्या भिंतीला हातच लावू नका, जमत असेल तर. टेबल खिडकीखाली आहे म्हणून सॉकेट खिडकीखालीच हवं असं काही नाही. त्याच खोलीच्या आतल्या भिंतीत बहुधा इन्सुलेशन नसतं, वाफेचा थर नसतो, आणि तिथलं काम एका सकाळीत होतं. तिथून टेबलापर्यंत बेसबोर्डच्या, म्हणजे भिंतीच्या पायथ्याला लावलेल्या पट्टीच्या, कडेनं दहा फुटी पॅच कॉर्ड (दोन्ही टोकांना प्लग असलेली तयार केबल) नेली तर कोणाला दिसतही नाही.

दोन मजली घरात बेसमेंटमधून वरपर्यंत जायला दोन चांगल्या जागा असतात. एक, वरच्या आणि खालच्या मजल्यावर एकावर एक येणारी कपाटं. कपाटाच्या कोपऱ्यातून केबल पट्टीत झाकून नेली तर भिंत फोडावीच लागत नाही. दुसरी, संडास-बाथरूमच्या भिंतीतून छताबाहेर जाणारा व्हेंट पाइप. बेसमेंटपासून अ‍ॅटिकपर्यंत तो सरळ जातो आणि त्याच्याभोवती लाकडात बरीचशी मोकळी जागा ठेवलेली असते. अ‍ॅटिकमधून सुतळीला वजन बांधून तिथून खाली सोडलं तर बऱ्याचदा थेट बेसमेंटमध्ये उतरतं. मात्र ती फट प्रत्येक मजल्यावर आगरोधक मालानं बंद असायला हवी. बंद असेल तर ती फोडून पुन्हा बंद करणं तुमच्याकडे, आणि उघडी सापडली तरी बंद करणं तुमच्याकडेच.

बाहेरचीच भिंत लागणार असेल तर खालच्या मजल्यासाठी बेसमेंटमधून वर जा. अ‍ॅटिकमधून बाहेरच्या भिंतीत उतरायला जाऊ नका. छताचा उतार तिथे इतका खाली येतो की ड्रिल धरायलाही जागा उरत नाही, आणि पालथं पडून वळचणीपर्यंत सरपटत जावं लागतं.

काही भिंतींना मुळीच हात लावायचा नाही. टाउनहाउसमध्ये राहत असाल तर शेजाऱ्याच्या आणि तुमच्या घरामधली सामाईक भिंत ही ठरावीक वेळ आग रोखेल अशी प्रमाणित केलेली असते. तिच्यात साधं भोकही पाडायचं नाही. गॅरेज आणि घर यांच्यामधली भिंतही शक्यतो सोडा. हवेच्या डक्टमधून केबल नेणं सोपं वाटतं, पण तेही करू नका.

करवत हातात घेण्याआधी

घर कधी बांधलं ते पाहा. १९७८ पूर्वीचं असेल तर जुन्या रंगात शिसं असू शकतं. अमेरिकेत घरगुती रंगातलं शिसं त्या वर्षी बंद झालं. अशा भिंतीचा भुसा उडवण्याआधी रंगाची चाचणी करून घ्या. अ‍ॅटिकमध्ये किंवा भिंतीत चकचकीत, खड्यांसारखे हलके करडे-सोनेरी कण दिसले तर ते व्हर्मिक्युलाइट. मोंटानातल्या लिबी गावच्या खाणीतलं व्हर्मिक्युलाइट अ‍ॅस्बेस्टॉसनं दूषित होतं. १९९० मध्ये खाण बंद झाली, पण तोवर तो माल देशभर घरांत भरला गेला होता. अमेरिकी पर्यावरण संस्थेचा, ईपीएचा सल्ला असा की घरात व्हर्मिक्युलाइट दिसलं तर त्यात अ‍ॅस्बेस्टॉस आहे असंच धरून चाला आणि ते हलवू नका. तिथेच थांबा, तज्ज्ञ बोलवा.

फार जुन्या घरात चिनी मातीच्या बुंध्यांवर ताणलेल्या उघड्या तारा, म्हणजे नॉब-अँड-ट्यूब वायरिंग निघालं, तरीही थांबा.

एक फोन नगरपालिकेच्या बांधकाम विभागाला करा. स्वतःच्या घरात कमी व्होल्टेजची केबल टाकायला परवाना लागतो का, हे गावागणिक बदलतं. घर असोसिएशनमध्ये असेल तर त्यांनाही विचारा.

सामान

केबल घ्यायची ती कॅट-६, निखळ तांब्याची. ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या बऱ्याच केबल अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेल्या असतात, त्यावर सीसीए असं लिहिलेलं असतं. त्या घेऊ नका. ओढताना त्या तुटतात आणि केबलमधूनच वीज पाठवायची असेल तर जास्त तापतात. आवरणावर सीएमआर छापलेलं हवं. याचा अर्थ मजल्यामजल्यांमधून उभी नेण्याजोगी, आग वर न चढू देणारी केबल. सीएमपी त्याहून वरच्या दर्जाची, चालेल पण महाग. कॅट-६ मधून १ गिगाबिट १०० मीटरपर्यंत नीट जातं, १० गिगाबिट साधारण ५५ मीटरपर्यंत. घरासाठी पुरून उरतं.

बाकी: स्टड शोधायला एक जोरदार लोहचुंबक (ड्रायवॉलचे स्क्रू जिथे सापडतात तिथे स्टड), ड्रायवॉल कापायची टोकदार छोटी करवत, पाऊण इंचाचा स्पेड बिट आणि त्याची लांब जोडणी, एकमेकांत फिरवून जोडता येणारे फायबरग्लासचे लवचीक रॉड, नायलॉनची मजबूत दोरी, बिनस्पर्शाचा व्होल्टेज टेस्टर, इलेक्ट्रिकल टेप, आणि नेटवर्क सॉकेटची प्लेट बसवायला मागची बाजू उघडी असलेली कमी व्होल्टेजची चौकट, जी ड्रायवॉलला आतून पकडते. फायरब्लॉक सीलंटचा डबा आताच आणून ठेवा, शेवटी आणू म्हटलं की राहून जातं. अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातमोजे, चष्मा आणि एन-९५ मास्क. फायबरग्लासचे तुकडे कातडीत घुसले की दोन दिवस खाजतं.

बेसमेंटमधून बाहेरच्या भिंतीत

आधी खोलीत जागा ठरवा. आसपासच्या विजेच्या सॉकेटची पेटी कोणत्या स्टडला ठोकली आहे ते चुंबकानं शोधा. त्या पेटीकडे जाणारी वायर बहुधा त्याच स्टडला धरून चढते, आणि बाहेरच्या भिंतीत सॉकेटच्या थोडं वरून आडवीही जाते. त्यामुळे सॉकेट नसलेला शेजारचा गाळा निवडा. खोलीचा ब्रेकर बंद करा. टेस्टर आधी चालू असलेल्या दुसऱ्या सॉकेटवर लावून तो काम करतोय याची खात्री करा, मग इथे.

चौकटीच्या मापाची रेघ मारून ड्रायवॉल कापा. करवत फक्त अर्धा इंच आत जाईल इतकीच चालवा. तिच्या पात्याला टोकापासून अर्ध्या इंचावर टेप गुंडाळला की खूण राहते. इथे घाई नको. ड्रायवॉलचा तुकडा अलगद बाहेर काढलात की समोर तपकिरी कागद दिसायला हवा, अखंड. कागद फाटून गुलाबी फायबर दिसत असेल तर करवत खोल गेली. शीदिंग टेपनं, म्हणजे बांधकामातल्या मजबूत चिकटपट्टीनं, ती चीर आताच बंद करा.

आता त्याच जागेच्या बरोबर खाली बेसमेंटमध्ये कुठे ड्रिल मारायचं हे कसं ओळखायचं? अंदाजानं मारू नका. भोक खोलीच्या फरशीतून वर आलं तर त्याला इलाज नाही. भोकाच्या सरळ रेषेत, बेसबोर्डला अगदी चिकटून, फरशीत काडीइतकं बारीक भोक पाडा आणि त्यातून एक सरळ केलेली तार खाली सोडा. गालिचा असेल तर आधी ब्लेडनं त्यात छोटी चीर द्या. नाही तर ड्रिलच्या टोकात गालिच्याचा धागा अडकतो आणि बघता बघता लांब रेघ उसवत जाते.

बेसमेंटमध्ये जाऊन तार शोधा. तारेपासून बाहेरच्या भिंतीच्या दिशेनं मोजायचं. बेसबोर्ड आणि ड्रायवॉल मिळून सव्वा इंचाच्या आसपास होतात, तिथे बॉटम प्लेट सुरू होते. फरशी पेलणाऱ्या लाकडी तुळया म्हणजे जॉइस्ट, आणि घराच्या बाहेरच्या कडेनं जाणारी तुळई म्हणजे रिम जॉइस्ट. साडेतीन इंची प्लेटचा बाहेरचा दीड इंच खालच्या रिम जॉइस्टवर टेकलेला असतो, म्हणजे खालून ड्रिल मारायला उरतात फक्त आतले दोन इंच. त्या दोन इंचांच्या मध्यावर भोक घ्या. तारेपासून हे साधारण सव्वादोन इंचांवर येतं. तुमच्या घरातला बेसबोर्ड जाड असेल तर तेवढा फरक धरा. बेसमेंटमध्ये रिम जॉइस्टला इन्सुलेशन लावलेलं असेल तर ते हलकेच बाजूला करा, नंतर परत बसवायचं आहे.

ड्रिल सरळ वर, शक्य तितकं उभं. पाऊण इंचाची फरशीची फळी आणि दीड इंचाची प्लेट, एकूण सव्वादोन इंच लाकूड. बिट आरपार गेल्याचं हाताला लगेच कळतं, कारण आवाज बदलतो आणि जोर नाहीसा होतो. त्याच क्षणी ड्रिल बंद करा. फिरत राहिलं तर फायबरग्लास बिटभोवती गुंडाळला जातो, आणि मग अख्खी बॅट पिळवटून खाली ओढली जाते. सव्वादोन इंचांहून कितीतरी जास्त लाकूड लागतंय असं वाटलं तर बाहेर काढा. तुम्ही जॉइस्टमध्ये किंवा स्टडच्या बुंध्यात शिरला आहात.

आता रॉड. पहिल्या तुकड्याच्या टोकाला गोल टोपण असतं, नसेल तर टेप गुंडाळून टोक बोथट करा. भोकातून वर घालताना रॉड खोलीच्या दिशेला किंचित झुकवा. कागद आणि ड्रायवॉल यांच्यामध्ये एक बारीक फट असते, तिथेच रॉड जायला हवा. बरोबर वाटेवर असेल तर तो ड्रायवॉलच्या पाठीवर घासत जातो, आणि वर खोलीत उभ्या असलेल्या माणसाला भिंतीवर कान ठेवला की तो सरसर आवाज वर चढताना ऐकू येतो. फायबरग्लासमध्ये शिरला तर आवाज येत नाही, हाताला मऊ दाब लागत राहतो. तसं झालं तर जोर लावू नका. फूटभर मागे घ्या, थोडा फिरवा, पुन्हा खोलीच्या अंगानं सरकवा. वरचा माणूस चौकटीच्या भोकात दोन बोटं घालून कागद हलकेच मागे दाबून धरेल. रॉडचं टोक त्याच्या बोटांना लागलं की काम फत्ते.

या वाटेचा मोठा फायदा म्हणजे बॅट दबत नाही आणि कागद फाटत नाही. एक तोटाही आहे. केबल ड्रायवॉलला चिकटून उभी असते, त्यामुळे त्या रेषेत पुढे कधी फोटोसाठी खिळा ठोकायचा नाही.

रॉडच्या टोकाला दोरी आणि केबल दोन्ही बांधा. केबलचं आवरण चार-सहा इंच सोलून आतल्या पीळ दिलेल्या तारांच्या जोड्यांचा रॉडच्या कडीत फास घाला, आणि वरून टेप असा लपेटा की पुढे निमुळतं होईल, कुठे उंचवटा राहणार नाही. मग खालून सावकाश ओढा. एक माणूस ओढतो, दुसरा वरून केबल मोकळी देत राहतो. चार जोड्यांच्या केबलवर २५ पौंडांपेक्षा जास्त ताण नको. म्हणजे हाताने सहज ओढता येईल तेवढंच. केबल अडली तर झटका देऊ नका, मागे-पुढे करा. वळणही लहान नको. केबलच्या जाडीच्या चौपट त्रिज्या, म्हणजे सुमारे एक इंच, ही खालची मर्यादा. दोरी मात्र भिंतीतच राहू द्या. पुढे दुसरी केबल टाकायची झाली तर ती कामी येते.

अ‍ॅटिकमधून आतल्या भिंतीत

वरच्या मजल्यासाठी हा मार्ग. पहाटे जा. उन्हाळ्यात दुपारी अ‍ॅटिकमध्ये उभं राहवत नाही. पाय फक्त जॉइस्टवर. मधल्या जागेत खाली नुसती ड्रायवॉल आहे, तुमचा पाय थेट खालच्या खोलीत निघेल. एक रुंद फळी जॉइस्टवर आडवी टाकून तिच्यावर बसा.

इन्सुलेशन बाजूला सारलं की टॉप प्लेट दिसते. तिच्यातून वर येणाऱ्या विजेच्या वायरी आधी पाहून घ्या आणि त्यांच्यापासून लांब, प्लेटच्या मध्यरेषेवर भोक पाडा. कडेपासून सव्वा इंच अंतर राहिलं पाहिजे. राहत नसेल तर वरून पोलादी संरक्षक पट्टी ठोका, म्हणजे पुढे कोणाचा स्क्रू केबलमध्ये जाणार नाही. आतली भिंत पोकळ असल्यामुळे बारीक साखळी किंवा वजन बांधलेली दोरी सरळ खाली पडते. खाली चौकटीच्या भोकातून चुंबक लावून ती ओढून घ्यायची. मधेच ठक्क आवाज येऊन साखळी थांबली तर फायर ब्लॉक आहे. शेजारचा गाळा बघा. लांब लवचीक बिटनं तो ठोकळा आंधळेपणानं फोडण्याच्या फंदात नवशिक्यानं पडू नये.

अ‍ॅटिकमध्ये पाच-सहा फूट केबल जास्तीची सोडा, आणि निघण्याआधी इन्सुलेशन पूर्वीच्याच उंचीला परत पसरा.

भोकं बंद करणं

इथे मी आग्रही आहे. टॉप प्लेट, बॉटम प्लेट, मजल्यांमधली फरशी, जिथे जिथे लाकडातून केबल गेली तिथे केबलभोवतीची फट फायरब्लॉक सीलंटनं भरायची. अमेरिकेच्या निवासी बांधकाम नियमांतही हे बंधनकारक आहे. डब्यावर फायरब्लॉक असं स्पष्ट लिहिलेलं हवं. हा फोम बहुधा नारिंगी असतो, तपासनिसाला लांबून ओळखू यावा म्हणून. खिडकीच्या फटीसाठीचा साधा फोम इथे चालत नाही.

सगळ्यात जास्त काळजी टॉप प्लेटच्या भोकाची. हिवाळ्यात घरातली गरम हवा वर चढते आणि चिमणीसारखी तिथून अ‍ॅटिकमध्ये निघते. पाऊण इंचाचं भोक छोटं वाटतं, पण त्यातून नुसती ऊब जात नाही, वाफही जाते, आणि छताच्या आतल्या बाजूला तिचं दव होतं.

बाहेरच्या भिंतीतल्या चौकटीची कडही बंद करा. ड्रायवॉल आणि चौकट यांच्यातली फट सीलंटनं भरा, केबल जिथे कागदाजवळून बाहेर येते तिथे थोडा लावा, आणि मागे फोमची गॅस्केट घालून घट्ट बसणारी प्लेट लावा. केबल आरपार बाहेर येणाऱ्या ब्रशच्या प्लेट दिसायला छान असतात, पण बाहेरच्या भिंतीवर त्यातून वारा येतो. खात्री करायची असेल तर वाऱ्याच्या थंड दिवशी प्लेटजवळ उदबत्ती धरा. धूर सरळ वर गेला तर ठीक. आत-बाहेर ओढला गेला तर पुन्हा सीलंट.

फायबरग्लास नसेल तर

चौकटीचं भोक कापताच करड्या कागदाचा चुरा बाहेर सांडायला लागला तर ते सेलुलोज. दाबून भरलेलं असेल तर रॉड जातो पण फार जोर लागतो, आणि सैल भरलेलं असेल तर भोकातून सांडत राहतं, भिंतीच्या वरच्या भागात पोकळी होते. सांडलेलं सगळं परत भरावं लागेल. मी इथे दुसरी भिंत शोधा असंच सांगेन.

स्प्रे फोम म्हणजे गाळा एकजीव झालेला असतो. त्यातून रॉड जातच नाही, आणि लांब बिट घातला तर तो कुठे निघेल याचा नेम नाही. प्रयत्न करू नका. बेसबोर्डच्या वरून जाणारी प्लास्टिकची पट्टी लावा.

पांढरा थर्माकोल, म्हणजे ईपीएस, असेल तर वेगळीच अडचण. पीव्हीसी आवरणातलं मऊपणा देणारं रसायन थर्माकोलमध्ये उतरतं, आवरण हळूहळू कडक होतं आणि थर्माकोल विरघळल्यासारखा खचतो. दोघांचा थेट स्पर्श होऊ देऊ नका, मधे नळी घाला. इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांना हे जास्त भेडसावतं, कारण तिथे काही घरांत विटांच्या दुहेरी भिंतीमधल्या पोकळीत थर्माकोलचे मणी भरलेले असतात. भोक पाडलं की मणी वाळूसारखे वाहत बाहेर येतात. तिथे त्या पोकळीतून केबल न्यायचीच नाही. ती पोकळी ओल आत येऊ नये म्हणून आहे.

विजेच्या वायरींशी अंतर

नेटवर्क केबल आणि विजेची वायर एकाच पेटीत किंवा एकाच भोकातून नाही. समांतर जात असतील तर मी निदान सहा इंच, जमलं तर फूटभर अंतर ठेवतो. ओलांडायची वेळ आली तर काटकोनात.

विजेच्या वायरी इन्सुलेशनमध्ये गाडल्या की त्यांची उष्णता बाहेर पडत नाही. म्हणून अमेरिकेच्या विद्युत संहितेत दोनपेक्षा जास्त वायरी एकमेकींना खेटून इन्सुलेशनमध्ये असतील तर त्यांची क्षमता कमी धरायला सांगितलं आहे. ब्रिटनच्या नियमात अर्धा मीटर किंवा त्याहून जास्त लांबी सगळीकडून इन्सुलेशननं वेढलेली असेल तर क्षमता निम्मी धरतात. नवं सॉकेट आपणच घालू, एवढं काय त्यात, असं वाटलं तर हा हिशोब आठवा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा.

भिंत उघडी असेल तर

बेसमेंट तयार करताना किंवा नूतनीकरणात स्टड उघडे असतील तर ही सुवर्णसंधी सोडू नका. केबल स्टडच्या मध्यातून भोकं पाडून न्या. वजन पेलणाऱ्या भिंतीच्या स्टडमध्ये भोकाचा व्यास स्टडच्या रुंदीच्या ४० टक्क्यांपेक्षा जास्त नको. साडेतीन इंचाला हे १.४ इंच होतात, केबलला पाऊण इंचच पुरतो. मग बॅट बसवताना तिला केबलवर दाबून कोंबायचं नाही. बॅट हातानं जाडीतून दोन थरांत सुटते. मागचा थर केबलच्या पाठीमागे सरकवा, पुढचा केबलच्या पुढून. पेटीभोवती बॅट कापून बसवा, मागे घडी घालून नाही. कंत्राटदाराची माणसं हे बऱ्याचदा करत नाहीत, म्हणून ड्रायवॉल लागण्याआधी स्वतः जाऊन बघा आणि प्रत्येक भिंतीचे फोटो काढा, मोजपट्टी भिंतीला लावून.

शक्य तिथे प्लास्टिकची लवचीक नळीच टाका. पुढच्या दहा वर्षांत कोणती केबल लागेल ते आज ठरवावं लागत नाही.

जोडणी आणि तपासणी

दोन्ही टोकांना जॅक बसवताना रंगांचा एकच क्रम पाळा. अमेरिकेत बहुतेक जण टी-५६८-बी वापरतात. जोड्यांचा पीळ शेवटच्या अर्ध्या इंचापलीकडे सोडू नका. स्वस्त तपासणी यंत्रानं आठही तारा क्रमानं लागतायत का बघा. ही तपासणी केबल ओढण्याआधी खोक्यातच एकदा करा आणि ओढल्यावर, पण फायरब्लॉक मारण्याआधी, पुन्हा एकदा. सीलंट सुकल्यावर केबल बदलायची म्हणजे सगळं नव्यानं. शेवटी दोन्ही टोकांवर सारखंच नाव लिहा, आणि कोणत्या गाळ्यातून, फरशीपासून किती उंचीवर केबल आहे हे कागदावर लिहून ब्रेकर पॅनेलच्या दाराला आतून चिकटवा.